अ‍ॅक्टिव्हिटीवॉच: वेळ किती गेला ते मोजतं, कसा गेला ते आपण विचारायचं

मराठीत वेळ दोन लिंगांत वावरतो. ‘जेवणाची वेळ झाली’ म्हणतो तेव्हा ती घड्याळातली वेळ असते. ‘वेळ कसा गेला कळलंच नाही’ म्हणतो तेव्हा तो सरलेला अवधी असतो. कामाच्या ठिकाणी वेळ मोजणारी बहुतेक साधनं मिनिटांच्या हिशेबापाशी थांबतात. कोण किती वाजता आलं, कोणत्या फाइलवर किती मिनिटं गेली, एवढंच ती सांगतात. ती मिनिटं माणसाला रेंगाळत गेली, धावत गेली की तुकड्यातुकड्यांत गेली, याला त्यांच्या तक्त्यात रकानाच नसतो. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तो आयता मिळत नाही. पण त्याच्या सगळ्या नोंदी कच्च्या स्वरूपात तुमच्याच संगणकावर राहतात, त्यामुळे हा रकाना आपला आपण जोडता येतो. हे परीक्षण त्या जोडकामासकट आहे.

निकाल आधी सांगून टाकतो. स्वतःच्या कामाचा वेळ समजून घ्यायचा असेल तर ५ पैकी ४. टीमच्या हजेरीसाठी किंवा पगाराच्या हिशेबासाठी वापरायचं असेल तर शून्य, आणि त्याची कारणं पुढे येतील.

एरिक ब्येरेहोल्ट आणि योहान ब्येरेहोल्ट या दोघा स्वीडिश प्रोग्रामरांनी हे सॉफ्टवेअर उभं केलं. त्याचा कोड खुला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही. नोंदणी नाही, लॉगिन नाही, वर्गणी नाही. बसवलं की खालच्या पट्टीत (मॅकवर वरच्या) एक चिन्ह येतं, त्यातून डॅशबोर्ड उघडला की तो ब्राउझरमध्येच दिसतो, लोकलहोस्टच्या, म्हणजे तुमच्याच संगणकाच्या, ५६०० क्रमांकाच्या पोर्टवर. म्हणजे पान ब्राउझरमध्ये असलं तरी तुमच्या नोंदी इंटरनेटवर जात नाहीत. वायफाय बंद केलं तरी चालू राहतं.

आतली रचना साधी आहे. एक सर्व्हर आणि त्याला माहिती पुरवणारे ‘वॉचर’. एक वॉचर दर सेकंदाला बघतो की समोर कोणतं अ‍ॅप आणि कोणत्या शीर्षकाची खिडकी आहे. दुसरा बघतो की कीबोर्ड-माउसला हात लागला की नाही. ब्राउझरमध्ये कोणती साइट उघडी होती हे हवं असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन वेगळं टाकावं लागतं. ते विसरलं तर दिवसाचे पाच तास नुसते ‘क्रोम’ म्हणून दिसतात आणि त्यातून काहीच बोध होत नाही. मॅकवर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी हातानं द्यावी लागते, नाहीतर खिडक्यांची शीर्षकं येत नाहीत. लिनक्सवर वेलँड ही पडद्याची नवी प्रणाली असेल तर मूळ वॉचर चालत नाही, त्यासाठी वेगळा घ्यावा लागतो. ही तीन कामं पहिल्या दिवशीच उरका.

आता ज्या एका आकड्यावर सगळं उभं आहे, तो बघू. कीबोर्ड-माउसला १८० सेकंद हात लागला नाही की माणूस जागेवर नाही असं हे सॉफ्टवेअर धरतं. यात एक बारकावा आहे, तो माहीत नसेल तर आकडे हमखास चुकीचे वाचले जातात. तीन मिनिटं उलटली की गैरहजेरी त्या क्षणापासून न धरता शेवटची कळ दाबली तिथपासून मागे जाऊन धरली जाते. त्यामुळे अडीच मिनिटांचा चहा कामात जमा होतो आणि चार मिनिटं छापील कागद वाचण्यात गेली तर ती पूर्ण चार मिनिटं कामातून वजा होतात. टाइपिंगचं काम असेल तर हा आकडा ठीक आहे. वकिली, संपादन, लेखापरीक्षण, आराखडे तपासणं अशा कामात, जिथं माणूस बराच वेळ नुसता बघतो आणि विचार करतो, तिथं तो ३०० ते ६०० सेकंदांवर न्यावा. ही सोय सेटिंग्जच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये (टॉमल फाइल) आहे. जागेवर-नाही वॉचरच्या (‘एडब्ल्यू-वॉचर-एएफके’) फोल्डरात ती सापडते. ‘टाइमआउट’च्या ओळीआधी # असेल तर तो काढायचा, समोरचा आकडा बदलायचा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करायचं. पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

मीटिंगचा घोळ यातलाच. झूमवर चाळीस मिनिटं नुसतं ऐकत बसलात तर संध्याकाळच्या हिशेबात ती चाळीस मिनिटं गायब असतात. यावर सेटिंग्जमध्ये ‘कायम सक्रिय धरा’ अशा अर्थाची चौकट आहे. तिथं झूम, मीट, टीम्स यांच्या खिडक्यांच्या शीर्षकातला नेमका शब्द उभ्या रेघेनं वेगळा करून लिहायचा. आवाज चालू असलेला ब्राउझर टॅब सक्रिय धरण्याचा पर्यायही आहे, पण तो चालू असला तर गाण्यांचा टॅब समोर ठेवून बाहेर गेलेला माणूसही कामावर दिसतो. मीटिंगसाठी पहिला मार्ग बरा.

दोन पडदे असतील तर आणखी एक गफलत. नोंद फक्त त्या खिडकीची होते जिच्यात कर्सर आहे. डावीकडे करार वाचताय आणि उजवीकडे मेल उघडा आहे, शेवटचा क्लिक मेलवर झालाय, तर सगळा वेळ मेलच्या खात्यात. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. वाचायच्या खिडकीत एक क्लिक करून ठेवायची सवय लावावी, एवढंच.

वर्गवारीचं काम मराठीत करणाऱ्यांनी जरा जपून करावं. ‘लेखन’, ‘हिशेब’, ‘पत्रव्यवहार’ असे वर्ग आपण ठरवायचे आणि शीर्षकात कोणता शब्द आला की कोणत्या वर्गात टाकायचं याचा नियम रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे शब्द शोधायच्या साच्यानं, द्यायचा. देवनागरी शीर्षकं नीट साठवली जातात. पण शब्दाची हद्द दाखवणारं जे चिन्ह इंग्रजीत सर्रास वापरतात, ते पायथनवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये देवनागरीला फसतं, कारण तिथं काना-मात्रा-वेलांट्या अक्षरांत धरल्या जात नाहीत. ‘पावती’ शब्दाची हद्द मग ‘प’नंतरच येते. म्हणून हद्दीचं चिन्ह न लावता नुसता शब्द लिहावा. फाइलींची नावं ठेवतानाच एखादा ठरलेला उपसर्ग दिला तर नियम दोन-तीनच पुरतात. सुरुवातीला पाच-सहा वर्गांच्या वर जाऊ नये. वीस वर्ग करणारे लोक दुसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून देतात.

इथपर्यंत झाला मिनिटांचा हिशेब. आता अनुभवाचा.

अनुभवलेला वेळ मोजण्याची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे दिवसात अधूनमधून, आधी न सांगता, माणसाला विचारणं. १९७० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेजर देऊन हे सुरू केलं: पेजर वाजला की आत्ता काय करताय, कसं वाटतंय ते कागदावर लिहायचं. अ‍ॅक्टिव्हिटीवॉचसाठी याच कल्पनेवरचा ‘एडब्ल्यू-वॉचर-आस्क’ नावाचा एक वेगळा वॉचर मिळतो. तो मूळ पॅकेजात नसतो. पायथनच्या पिप या साधनातून बसवायचा आणि सोबत प्रश्नाची खिडकी दाखवणारा झेनिटी नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. लिनक्सवर हे दहा मिनिटांचं काम आहे, विंडोजवर झेनिटी आणण्याची खटपट करावी लागते. वेळापत्रक क्रॉनच्या पद्धतीनं, म्हणजे मिनिट, तास, वार अशा रकान्यांत, लिहायचं. मिनिटाच्या जागी यादृच्छिक असं सांगता येतं, पण प्रश्न खरंच दर वेळी वेगळ्या मिनिटाला येतो ना, ते पडताळून बघा. उत्तर बाकीच्या नोंदींशेजारीच, त्याच सर्व्हरमध्ये साठतं.

कार्यालयाच्या संगणकावर असं काही बसवायची परवानगी नसेल तर फोनचा गजर आणि खिशातली वही पुरते. फक्त गजर ठरावीक अंतरानं लावू नका. दर तासाला घंटा वाजली की ‘किती वेळ गेला असं वाटतं?’ याचं उत्तर कायम साठच येणार. आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून दिवसातल्या सहा वेळा निवडाव्यात आणि चिठ्ठ्या न बघता गजर दुसऱ्या कोणाकडून लावून घ्यावेत.

प्रश्न तीनच ठेवा, तीस सेकंदांत उत्तर देता आलं पाहिजे. पहिला: ‘मागच्या प्रश्नापासून किती मिनिटं झाली असं वाटतं? घड्याळ न बघता सांगा.’ दुसरा: ‘हा वेळ कसा गेला?’ १ म्हणजे जाता जात नव्हता, ७ म्हणजे भुर्रकन. तिसरा: ‘कामाचा वेग किती घाईचा होता?’ ० ते १००. शब्दरचनेत ‘वेळ कसा’ असंच लिहा. ‘वेळ कशी होती’ असं विचारलं तर माणूस बरी-वाईट वेळ समजून दिवस चांगला गेला की नाही ते सांगतो. पहिल्या प्रश्नासाठी टास्कबारवरचं घड्याळ जिथं लपवता येतं तिथं लपवावं, मनगटावरचं खणात ठेवावं. सहा इंचांवर घड्याळ असताना केलेला अंदाज निरुपयोगी असतो.

तिसरा प्रश्न कुठून आला ते सांगायला हवं, कारण तो तयार, पारखलेला आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलंड यांनी कामाचा भार मोजायला एक प्रश्नावली केली, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नासा-टीएलएक्स म्हणून ओळखली जाते. तिच्यात सहा पट्ट्या आहेत: बौद्धिक ताण, शारीरिक ताण, वेळेचा ताण, कामगिरी, कष्ट आणि वैताग. रोज सहा वेळा सहाही पट्ट्या विचारणं शक्य नाही, म्हणून वेळेची एकच उचलायची आणि पूर्ण प्रश्नावली दिवसाच्या सगळ्यात मोठ्या कामानंतर एकदा भरायची. भरताना एक चूक वारंवार होते. पाच पट्ट्यांत उजवीकडे जास्त त्रास आहे, पण कामगिरीच्या पट्टीत डावीकडे ‘उत्तम’ आणि उजवीकडे ‘फसली’ आहे. घाईत लोक उजवीकडे खूण करतात, उत्तम झालं म्हणून. मराठी प्रत तयार करताना त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना शब्द मोठ्या अक्षरात लिहा. पंधरा जोड्यांची तुलना करून वजनं काढण्याचा मूळ टप्पा घरगुती वापरात गाळला तरी चालतो. तशी कच्ची बेरीज संशोधकही वापरतात.

उत्तरं जमली की घड्याळाचा वेळ आणि वाटलेला वेळ शेजारीशेजारी ठेवायचे. डॅशबोर्डमध्ये ‘रॉ डेटा’मधून नोंदी जेसन फाइल (नोंदींची मजकूर-फाइल) म्हणून बाहेर काढता येतात. इथं सगळ्यात जास्त लोक अडखळतात: फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळ मिळवायला साडेपाच तास मिळवा. सकाळी ११:४० ची नोंद फाइलमध्ये ०६:१० अशी दिसेल. हे विसरलं की दुपारच्या मीटिंगचा कंटाळा सकाळच्या मेलच्या माथी बसतो. अवधी सेकंदांत असतो, त्याला ६० नं भागा.

मग गुणोत्तर काढायचं: वाटलेली मिनिटं भागिले घड्याळाची मिनिटं. मागचा प्रश्न १०:५२ ला आला, हा ११:४० ला, म्हणजे ४८ मिनिटं. उत्तर ३० असेल तर गुणोत्तर ०.६३, वेळ पळाला. उत्तर ६० असेल तर १.२५, वेळ ताणला गेला. जेवणाची सुट्टी मध्ये आली असेल ती नोंद सोडून द्या. २० मिनिटांपेक्षा लहान आणि ९० पेक्षा मोठे अवधीही बाजूला काढा, कारण लहान अवधी फुगवून सांगायचा आणि मोठा आखडून सांगायचा ही माणसाची जात्याच प्रवृत्ती आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल फिअरॉर्ट यांनी १८६८ मध्येच ती नोंदवून ठेवली. त्यामुळे २५ मिनिटांच्या मेलची ८० मिनिटांच्या अहवालाशी तुलना केली तर मेल कंटाळवाणा ठरेल आणि दोष त्याचा नसेल. लोक ५, १०, १५, ३० अशी गोल उत्तरं देतात, म्हणून ०.८ आणि ०.९ मधल्या फरकाला अर्थ देऊ नका. सरासरीऐवजी मधलं मूल्य घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो तो. दहा कामाचे दिवस, रोज सहा प्रश्न, म्हणजे साठ नोंदी. त्यातल्या चाळीस-पंचेचाळीस कामाच्या उरल्या तरी चित्र दिसू लागतं.

पहिल्या दिवसाच्या नोंदी फेकून द्याव्यात, आणि हे केवळ सवयीसाठी नाही. प्रश्न येणार हे ठाऊक नसताना केलेला अंदाज आणि ठाऊक असताना केलेला अंदाज ही मुळात दोन वेगळी मापं आहेत. रिचर्ड ब्लॉक, पीटर हॅन्कॉक आणि डॅन झाकाय यांनी २०१० मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात हे स्वच्छ दिसतं: आधी सांगितलेलं असेल तर डोक्यावर भार वाढला की वेळ कमी वाटतो, कारण वेळेकडे लक्ष द्यायला लक्ष उरत नाही, आधी सांगितलेलं नसेल तर भाराबरोबर मागे वळून बघताना वेळ जास्त वाटतो, कारण आठवायला पुष्कळ असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पहिल्या गटात असता. म्हणून गुणोत्तर खाली आलं की ‘मजा आली’ असा अर्थ लावू नका. वेळ घाईमुळेही पळतो आणि रमल्यामुळेही. हा भेद तिसरा प्रश्न करतो. गुणोत्तर ०.६ आणि घाई २०, तर माणूस कामात बुडालेला होता. गुणोत्तर ०.६ आणि घाई ८५, तर त्याची दमछाक झाली. नुसत्या मिनिटांच्या तक्त्यात हे दोन्ही तास ‘अहवाल लेखन, एक तास’ असेच दिसतात. या एका फरकासाठी एवढी खटपट करावी असं हे काम आहे.

तुकड्यांचा हिशेबही इथंच जोडावा. टाइमलाइनवर तासात किती वेळा अ‍ॅप बदललं ते दिसतं. पण ते आहे तसं मोजू नका. मेलच्या शीर्षकात न वाचलेल्या पत्रांचा आकडा असतो. नवं पत्र आलं की शीर्षक बदलतं आणि नवी नोंद सुरू होते, माणूस हललेला नसतो. गाण्याच्या नावानं बदलणारी शीर्षकं आणखी वाईट. म्हणून शीर्षक सोडून फक्त अ‍ॅपचं नाव धरावं आणि पाच सेकंदांपेक्षा छोट्या नोंदी गाळाव्यात. मगच तासातले खरे बदल मिळतात. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण वेळेचा दाब, वैताग आणि ताण त्यांना जास्त जाणवला. म्हणजे व्यत्ययाची किंमत मिनिटांत शोधली तर सापडणारच नाही. ती घाईच्या रकान्यात असते.

अनुत्तरित प्रश्नांना सगळ्यात जास्त जपा. माणूस प्रश्न टाळतो तो बहुधा सगळ्यात गडबडीच्या तासात. ते तास गळले की महिन्याअखेरचा आठवडाही शांत दिसायला लागतो. इथं अ‍ॅक्टिव्हिटीवॉच खरं उपयोगी पडतं: उत्तर नसलं तरी त्या मिनिटाला समोर काय उघडं होतं ते त्याच्याकडे आहे. न दिलेल्या उत्तरांची यादी करून त्यासमोर अ‍ॅप लिहा. दहा-बारा वेळा एकाच ग्राहकाची शीट किंवा एकच चॅट दिसली, तर उत्तर मिळाल्यासारखंच आहे.

टीमसाठी हे का नको? खिडक्यांची शीर्षकं कूटबद्ध न करता साठवली जातात. त्यात मेलचे विषय, डॉक्टरच्या पोर्टलचं नाव, बँकेचं पान सगळं येतं. संगणकाच्या त्या लॉगिनमध्ये शिरू शकणारा कोणीही ते वाचू शकतो. शीर्षकं वगळण्याचा पर्याय खिडकी-वॉचरच्या फाइलमध्ये आहे, पण मग वर्गवारी केवळ अ‍ॅपवर होते. दुसरं कारण मापाचंच. वरिष्ठ बघतायत म्हटल्यावर माउस हलवत ठेवणारी उपकरणं येतात आणि १८० सेकंदांच्या नियमाला अर्थ उरत नाही. घाईच्या प्रश्नाला ‘५०’ असं सभ्य उत्तर यायला लागतं. विभागाचं चित्र हवंच असेल तर नोंदी ज्याच्या त्याच्या संगणकावर राहू द्या आणि प्रत्येकानं स्वतः काढलेले दोनच आकडे, गुणोत्तराचं आणि घाईचं मधलं मूल्य, नाव न लिहिता चिठ्ठीनं द्यावेत. पाचपेक्षा कमी लोक असतील तर तेही नको, चिठ्ठी कोणाची ते सहज ओळखू येतं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. टॉगल ट्रॅक हातानं बटण दाबून चालतं. बिलाच्या तासांसाठी चांगलं, पण घाईत बटण दाबायचं राहतं. रेस्क्यूटाइम आपोआप नोंदवतं, मात्र माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि आपले प्रश्न जोडायला वाव कमी. टायम्युलरचा (आता नाव ‘अर्ली’) आठ बाजूंचा ठोकळा टेबलावर ठेवून जी बाजू वर ती नोंद; संगणकाबाहेरच्या कामाला तो छान आहे. अ‍ॅक्टिव्हिटीवॉचमध्ये त्याजागी स्टॉपवॉच आहे, बाहेरची भेट किंवा फोनवरचं बोलणं त्यात लिहून ठेवता येतं, आठवण राहिली तर. अँड्रॉइडवरच्या नोंदी संगणकाच्या नोंदींत आपोआप मिसळत नाहीत. त्यासाठीची सोय अजून प्रायोगिक आहे, तिच्यावर विसंबू नका. त्याचाच एक गुण मी कापला आहे.

दोन आठवडे संपले की आधी जेसन फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच सॉफ्टवेअर काढा. काढल्यानंतर नोंदींचं फोल्डर तसंच राहू शकतं. विंडोजवर ते लोकल अ‍ॅपडेटामध्ये, मॅकवर लायब्ररीच्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये आणि लिनक्सवर होममधल्या लपलेल्या लोकल शेअर फोल्डरात सापडतं. कार्यालयाचा लॅपटॉप परत करायचा असेल तर ते फोल्डर हातानं पुसा, आणि रीसायकल बिनही रिकामी करा.